खारा वारा आणि जुनी मोटार

घराला कोणत्या शत्रूचें भय अधिक, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक लोक चोर, आग आणि पूर हीं तीन नांवें घेतील. समुद्राकांठीं राहणारा मनुष्य मात्र त्यांत चौथें नांव घातल्यावांचून राहणार नाहीं, आणि तें म्हणजे गंज. चोर आला तर कुत्रें भुंकतें, आग लागली तर धूर दिसतो, पाणी चढूं लागलें तर उंबरठा सांगतो. पण गंज येतो तो पावलांचा आवाज न करतां. तो घरांत बिऱ्हाड करतो, वर्षानुवर्षें नांदतो, आणि एके दिवशीं खिडकीची कडी हातांत निघून आली म्हणजे मग त्याच्या मुक्कामाची वार्ता घरच्यांना लागते. आमच्या घरांत नागपूरकडून आलेली जी सून आहे, तिला प्रथम प्रथम या शब्दाची मोठी गंमत वाटे. तिच्या माहेरीं गंज म्हणजे दूध तापविण्याचें भांडें! "कपाटाच्या मागें गंज चढला आहे," असें काकू म्हणाल्या तेव्हां ती भांडें काढावयास स्टूल घेऊन गेली होती. आतां वसईचे चार पावसाळे पाहिल्यावर तिला दोन्ही अर्थ पाठ झाले आहेत.

वसईची हवाच तशी. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा, आणि मधल्या सखल भागांत मिठागरें. म्हणजे तिन्ही बाजूंनीं मीठ आणि चौथीकडून पाऊस! या हवेवर केळीच्या व फुलांच्या वाड्या पोसतात, पण लोखंड पोसत नाहीं. कांशाचें तसें नव्हे. 1739 च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि येथल्या पोर्तुगीज घंटा मराठी मुलखांतल्या देवळांना गेल्या. मेणवलीस आणि भीमाशंकरास त्या अजून पाहावयास मिळतात, आणि त्यांचा नाद अजून खणखणीत आहे. लोखंडाच्या नशिबीं हें दीर्घायुष्य नसतें. त्याला या गांवीं जगावयाचें असेल तर कोणी तरी त्याच्याकडे सतत लक्ष ठेवावें लागतें.

हें सारें आठवण्याचें कारण आमच्या आप्पाकाकांची मोटार. आप्पा सेवानिवृत्त झाले तेव्हां त्यांनीं एकच हौस बोलून दाखविली: आपल्या दारांत एक 'पद्मिनी' असावी. ज्या पिढीचे आप्पा, त्या पिढीला या मोटारीचें प्रेम कां, हें समजून घेण्यासारखें आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. जहाजें, विमानें आणि मोटारी या देशांत झाल्या पाहिजेत, हा त्या पुरुषाचा ध्यास होता. पुढें इटलीच्या फियाट कंपनीची 1100 सीसी वर्गांतली मोटार कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होऊं लागली आणि 1974 च्या सुमारास तिला 'प्रीमियर पद्मिनी' हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. नव्या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिच्यांतली शेवटची टॅक्सीहि मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आप्पांच्या लेखीं ती नुसती मोटार नव्हती. मराठी मुलखांत घडलेली, आपल्या तारुण्याची ती साक्षीदार होती.

2021 सालीं त्यांनीं 1997 ची एक पांढरी पद्मिनी विकत घेतली. ती कोणाकडून घेतली हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. रंग चकचकीत होता, आंतली गादी नवी होती, आणि खालच्या बाजूस ताज्या काळ्या डांबरी लेपाचा जाड थर होता. "खालून सुद्धां सगळें नवें करून दिलें आहे," असें विकणाराचें म्हणणें. आणि तो लेप इतका सफाईदार होता कीं त्याखालचें कांहींच दिसत नव्हतें. तो त्यासाठींच दिलेला होता, हें तीन वर्षांनीं कळलें.

पहिली खूण आवाजाची. खड्ड्यांतून जातांना मागच्या उजव्या चाकाकडून 'ठक्' असा एक कोरडा आवाज येऊं लागला. मग ध्यानांत आलें कीं गाडी रिकामी उभी असतांनाहि उजवीकडे किंचित् कलते. पुढें मागच्या टायरची एकच कड झिजूं लागली. निर्मळच्या यात्रेहून परततांना वळणावर गाडीचें मागचें अंग असें कांहीं सरकलें कीं मागें बसलेल्या काकूंनीं दोन्ही नातवंडांना घट्ट धरलें. दुसऱ्याच दिवशीं आप्पांनीं गाडी आमच्या नेहमींच्या मिस्त्रीकडे नेली. मी बरोबर होतों.

मिस्त्रीनें गाडी उचलली आणि प्रथम डोळ्यांनीं कांहींच पाहिलें नाहीं, कानांनीं पाहिलें. एक लहान हातोडी घेऊन तो खालच्या पत्र्यावर टकटक करीत गेला. चांगल्या पत्र्यावर हातोडी वाजली कीं खणखणीत आवाज येई. मागच्या कमानीपाशीं आल्यावर ओल्या लांकडासारखा भद्द आवाज आला. मग त्यानें पेंचकसाचें टोंक टेकवून नुसतें दाबलें. काळा लेप फुटला, त्यामागून तांबूस भुकटी ओंजळभर गळली, आणि पेंचकस मुठीपर्यंत आंत गेला. आप्पा जवळच उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं ती भुकटी हातावर घेतली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"आप्पासाहेब," मिस्त्री म्हणाला, "कमानीचा वरचा पाटा तडकला आहे, तो नवा घालतां येईल. पण तो मी बसवूं कशाला? त्याला धरून ठेवणारा पत्राच उरलेला नाहीं."

या एका वाक्यांत सगळें दुखणें आलें. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात आणि मागच्या आंसाखालीं पाट्यांची कमान. जुन्या घाटाच्या मोटारींना खालीं लोखंडी तुळयांची स्वतंत्र चासी असे आणि तिच्यावर पेटी ठेवलेली असे. पद्मिनीला तशी चासी नाहीं. तिच्या अंगाचा दुमडलेला पत्राच तिचा सांगाडा; घराच्या भिंतींनींच छप्पर पेलावें तसें. रस्त्याचा प्रत्येक धक्का चाकाकडून कमानीला, कमानीकडून तिच्या खिळीला, आणि खिळीकडून त्या दुमडलेल्या पत्र्याला मिळतो. तो पत्रा सडला तर कमान नवी असो कीं जुनी, मागचा आंस जागचा हलणार. आणि भर वेगांत तो हलला तर चालविणाराच्या हातांत चक्राशिवाय कांहीं उरत नाहीं.

गंज असा आंतून कां खातो, हें नीट पाहण्यासारखें आहे. लोखंड, पाणी आणि प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं कीं गंज धरतो, एवढें शाळेंत शिकलेलें असतें. पण ही क्रिया विजेची असते. धातूच्या एका ठिकाणचें लोखंड विरघळूं लागतें, दुसऱ्या ठिकाणीं प्राणवायु तें देणें पुरें करतो, आणि दोहोंमधल्या ओलाव्यांतून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहत राहतो. पाण्यांत मीठ असलें म्हणजे हा प्रवाह सुकर होतो; शिवाय मिठांतील क्लोराइड धातूवरचें पातळ रक्षक कवच फोडतें. मिठाचा आणखी एक गुण असा कीं हवेची आर्द्रता शेंकडा सुमारें 75 च्या वर गेली कीं तें हवेंतलें पाणी ओढून स्वतःच विरघळतें. स्वयंपाकघरांतल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यांत पाणी सुटतें तें यामुळेंच. म्हणजे वसईला मोटार पावसांत उभी करावयासहि नको. सांध्यांत मीठ बसलें असलें तर छपराखालीं, कोरड्या दिवशीं देखील, ती आपल्याजागीं भिजत राहते.

दुसरी गोष्ट, ॲल्युमिनियमवर बसणारा थर त्याला झांकून राखतो, पण लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो पापुद्र्यांनीं सुटतो आणि खालचें नवें लोखंड उघडें करून देतो. तो मूळ धातूपेक्षां दुपटीहूनहि अधिक जागा व्यापतो, त्यामुळें दोन पत्र्यांच्या मधें शिरला कीं पाचरीसारखा त्यांना फाडतो. कमानीच्या पाट्यांमधें तो भरला कीं पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात आणि सगळा धक्का अंगाला जातो. स्प्रिंगेच्या पोलादावर त्यानें बारीकशी खळी पाडली तर त्या खळीपाशीं ताण एकवटतो, प्रत्येक हिसक्यासरशी तेथली चीर केसभर पुढें सरकते, आणि एखाद्या साध्या खड्ड्यांत तो अखेरचा केस तुटतो. लोक मग खड्ड्याला दोष देतात!

अशा वेळीं वरून नवा डांबरी लेप देणें म्हणजे न धुतलेल्या जखमेवर पट्टी बांधणें. लेपाखालीं ओल आणि मीठ कोंडून राहतें आणि सडण्याला उलट आडोसा मिळतो. स्वच्छ, कोरड्या धातूवर दिलेला लेप रक्षण करतो; गंजावर दिलेला लेप फक्त डोळे झांकतो.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर घरची बैठक बसली. मिस्त्रीनें सांगितलेला खर्च मोटारीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक होता. धाकटे काका बँकेंत होते. त्यांचा हिशेब नेहमींच सरळ. ते म्हणाले, "दादा, रागावूं नका. पण या गाडीवर इतका पैसा घालणें शहाणपणाचें नाहीं. थोडक्यांत खालून पुन्हां काळा लेप देऊं आणि विकून टाकूं. घेणारा आपला पाहून घेईल. आपण घेतली तेव्हां आपल्याला तरी कोणीं काय सांगितलें होतें?"

या प्रश्नाला उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं. आपल्या माथीं जें मारलें गेलें तें पुढच्याच्या माथीं मारणें, हा जगाचा रोजचा व्यवहार आहे, आणि त्यांत कायदा मोडला असें कोणी सहसा म्हणत नाहीं. शासनाचा नियम आहे कीं खासगी मोटारीला 15 वर्षें झालीं म्हणजे तपासणी करून नोंदणी पांच पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी. आमच्या गाडीची मुदत अजून शिल्लक होती. कागद अगदीं निर्दोष होता. पण गंज कागदावरच्या तारखा वाचीत नाहीं. आप्पा गप्प बसून होते. मीहि गप्प होतों, कारण धाकट्या काकांच्या बोलण्यांत माझ्या मुलांच्या शिक्षणाचाहि विचार होता, हें मला दिसत होतें. एकत्र घरांत एकाची हौस ही सर्वांच्या ताटांतली वाटी असते. बैठक कांहीं न ठरतां उठली.

चार दिवसांनीं अर्नाळ्याहून एक तरुण गृहस्थ गाडी पाहावयास आले. त्यांना कोणाकडून तरी आप्पा गाडी काढणार असल्याचें कळलें होतें. त्यांनाहि पद्मिनीची हौस. वडिलांची तशी गाडी होती म्हणे. त्यांनीं रंग पाहिला, इंजिन ऐकलें, आणि प्रसन्न होऊन पैशांचें बोलणें काढलें. काकू सरबत घेऊन आल्या. त्यांना मोटारीच्या यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं. त्यांनीं पेला पुढें करीत सहज विचारलें, "घरीं कोण कोण असतें हो तुमच्या? मागें कोण बसणार?"

"आई असते, आणि दोन मुली," ते म्हणाले. "त्या दोघी मागेंच बसतील."

काकूंनीं आप्पांकडे पाहिलें. बोलल्या मात्र एक अक्षर नाहीं. आप्पा उठले, त्या गृहस्थांना गाडीच्या मागच्या बाजूस घेऊन गेले, खालीं वांकावयास लावलें, आणि स्वतःच्या हातानें तें भोंक दाखविलें. "ही गाडी आज कोणालाच विकण्यासारखी नाहीं," ते म्हणाले. पाहुणे थोडे खट्टू झाले. पण जातांना त्यांनीं आप्पांना वांकून नमस्कार केला.

धाकटे काका ओसरीवरून हें सर्व पाहत होते. संध्याकाळीं ते आप्पांजवळ आले आणि म्हणाले, "सल्ला दिला तो व्यवहाराचा होता. आतां निम्मे पैसे देतों ते घराचे आहेत. करावयाचें तर नीट करा." आमच्या घरांतला एक मोठा प्रश्न अशा रीतीनें सुटला.

दुरुस्तीला सव्वा महिना लागला. मिस्त्रीनें सडलेल्या पत्र्यावर ठिगळ लावलें नाहीं. पांढरा, निरोगी धातु लागेपर्यंत सडका भाग कापून काढला आणि योग्य जाडीचा नवा पत्रा सांधून घेतला. आंतून जस्तयुक्त रंग दिला, आणि पोकळ्यांत मेणाचा पातळ थर सोडला. दोन्ही बाजूंच्या कमानी जोडीनेंच बदलल्या, कारण एक नवी व एक थकलेली ठेवली तर गाडी सरळ चालत नाहीं. बैलजोडीचा न्याय येथेंहि लागू आहे. यू-बोल्ट, रबरी बुश आणि शॉक-अब्सॉर्बर नवे घातले. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या त्याच मार्गानें जातात, त्याहि तपासल्या. पुढच्या स्प्रिंगांचा खालचा वेढा जेथें टेकतो त्या वाटींत चिखल सांचला होता, तो काढला; स्प्रिंग बहुधा तेथेंच तुटते. दारांच्या व खालच्या पत्र्याच्या तळाशीं पाणी जाण्यास जीं लहान भोंकें असतात, तीं मातीनें बुजलीं होतीं. तीं मोकळीं केलीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं जुनी मोटार घेण्याचा विचार चालू असेल, तर या अनुभवांतलें थोडें त्यांच्या कामीं येवो. वरच्या रंगावर जाऊं नये. गाडी उचलून खालून पाहावी, आणि खालचा लेप अगदीं ताजा असेल तर आनंद न मानतां संशय घ्यावा. पायांखालची सतरंजी उचलून ओल आहे का, वास येतो का हें पाहावें. सपाट जागीं गाडी कोणत्या बाजूला कलते तें दुरून न्याहाळावें. एका कोपऱ्यावर भार देऊन सोडावा. गाडी एकदां वर येऊन थांबली तर ठीक, झोके खात राहिली तर शॉक-अब्सॉर्बर गेले असें समजावें. समुद्रकांठीं जाऊन आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्यानें धुवावा. 2018 च्या जुलैंत नालासोपाऱ्यास रेल्वेचे रूळ बुडाले होते. तसें पाणी पुन्हां भरलें आणि गाडी त्यांत उभी राहिली, तर ओसरल्यावर हें काम आधीं करावें. ओली गाडी जाड आच्छादनाखालीं कोंडूं नये. आणि वर्षांतून दोनदां, पावसाळ्याच्या आधीं व नंतर, हातोडीची टकटक करून घ्यावी. अमेरिकेच्या व कॅनडाच्या थंड भागांत राहणारीं आपलीं माणसें हें पथ्य चांगलें जाणतात; तेथें बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून समुद्र शेंकडों कोस दूर असूनहि मोटारींना वसईचाच रोग जडतो.

दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें 1600 वर्षें उभा आहे, त्याचें उदाहरण अशा वेळीं कोणी तरी देतोच. कानपूरच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक बालसुब्रह्मण्यम् यांनीं त्याचा पुष्कळ अभ्यास केला. त्या लोखंडांतील स्फुरदामुळें पृष्ठभागावर एक घट्ट रक्षक थर बनतो, असें त्यांनीं दाखविलें. तरी जमिनीत पुरलेला त्याचा भाग गंजलेला आढळलाच. जें उघड्यावर उभें राहिलें तें टिकलें. जेथें ओल कोंडली तेथें गंज पोंचला.

मोटारींतहि मीं हेंच पाहिलें. उघड्या, सपाट पत्र्यावरचा गंज दिसतो आणि घासून काढतां येतो. घात होतो तो सांध्यांत, जेथें दोन पत्रे एकमेकांवर बसतात, वारा खेळत नाहीं आणि बारीक माती सांचते. एकत्र कुटुंबाचे सांधेहि असेच असतात. आमच्या बैठकींत धाकटे काका मनांतलें उघड बोलले, म्हणून त्यावर वारा लागला. तेंच त्यांनीं गिळलें असतें, तर वरचा लेप कायम राहिला असता आणि आंत भुकटी होत गेली असती.

आणि एक गोष्ट जस्ताची. सर हंफ्री डेव्ही यांनीं 1824 सालीं दाखविलें कीं जहाजाच्या तांब्याच्या तळाला जस्ताचा तुकडा जोडला तर तो स्वतः झिजतो आणि तांब्याला वांचवितो. लोखंडावरचें जस्तहि हेंच करतें. हल्लींच्या मोटारींचा पुष्कळसा पत्रा त्याच न्यायानें जस्तानें मढविलेला असतो. प्रत्येक घरांत असें एखादें जस्त असतें. तें बोलत नाहीं, सरबताचा पेला पुढें करून एखादाच प्रश्न विचारतें, आणि घराचें लोखंड शाबूत राहतें. परंतु जस्ताचाहि सांठा अखेर संपणारा असतो, हें विसरूं नये. मोटारीखालीं वर्षांतून दोनदां वांकून पाहावें. आणि या माणसांकडे तर त्याहून अधिक वेळां.